प्रथिनाने जागा निवडली की जागा घडवली? पेशीपटलातल्या लिपिडांवर प्रथिनाचा परिणाम मोजण्याची रीत

गोल व्हेसिकल (लिपिडांच्या, म्हणजे चरबीसारख्या रेणूंच्या, पटलाची पोकळ पिशवी), अर्धा भाग लाल, उरलेला अर्धा हिरवा. लाल रंग लिपिडाचा, हिरवा प्रथिनाचा. खाली ओळ असते: प्रथिनामुळे लिपिडांची विभागणी झाली. प्रबंधात, पोस्टरवर, एम. एस्सी.च्या प्रोजेक्टमध्ये हा फोटो मी इतक्यांदा पाहिला आहे की आता पहिला प्रश्न ठरलेला असतो: प्रथिन घालायच्या आधीचा फोटो कुठे आहे? दहापैकी सात-आठ वेळा तो काढलेलाच नसतो. ज्या पटलात आधीच दोन भाग पडले होते त्यात प्रथिन घातलं आणि ते आवडत्या भागात जाऊन बसलं, एवढंच त्या फोटोतून सिद्ध होतं. प्रथिनाने जागा निवडली. जागा घडवली, हे वेगळं विधान आहे आणि त्यासाठी प्रयोगही वेगळा लागतो.

तो प्रयोग इथे पायरीपायरीने देतो. प्रथिन घेतलं आहे कॉलरा टॉक्सिनचं बी-उपएकक. ते पाच तुकड्यांचं कडं असतं, प्रत्येक तुकडा जीएम१ नावाच्या गँग्लिओसाइडला (साखरेची साखळी जोडलेल्या लिपिडाला) धरतो आणि सगळ्या धरायच्या जागा एकाच बाजूला असतात. म्हणजे एक कडं पटलावर बसलं की पाच जीएम१ रेणू एका मुठीत येतात. लिपिड एकत्र ओढण्याचं इतकं सोपं उदाहरण दुसरं नाही, म्हणून शिकायला हेच बरं.

## टप्पा १ : आधी मिश्रण ठरवा, मग सामान मागवा

तीन लिपिडांचं नेहमीचं मिश्रण घ्या: डीओपीसी, डीपीपीसी आणि कोलेस्टेरॉल. डीओपीसीच्या दोन्ही शेपट्यांत एकेक दुहेरी बंध असतो, त्या वाकड्या असतात आणि दाटीने बसत नाहीत. डीपीपीसीच्या सरळ, त्यामुळे ते ४१ अंश सेल्सिअसखाली एकटं असेल तर घट्ट जेल होतं. कोलेस्टेरॉल मध्ये आलं की जेल मोडतं आणि दोन द्रव भाग शेजारी शेजारी राहू शकतात. एक घट्ट, त्यात डीपीपीसी आणि कोलेस्टेरॉल जास्त. एक सैल, त्यात डीओपीसी जास्त. प्रयोगशाळेत यांना एलओ आणि एलडी म्हणतात. मी पुढे घट्ट आणि सैल असंच म्हणणार आहे.

डीओपीसी आणि डीपीपीसी समसमान आणि कोलेस्टेरॉल ३० मोल टक्के (म्हणजे रेणूंच्या संख्येने), या मिश्रणाचं मिश्रण-तापमान तिशीच्या आसपास येतं. त्याच्या वर सगळं एकजीव, त्याच्या खाली दोन भाग. आपल्याला नेमकी ही हद्द हवी आहे, कारण प्रथिनाचा धक्का हद्दीजवळच दिसतो. हद्दीपासून पंधरा अंश वर राहिलात तर प्रथिन काही करू शकणार नाही, पंधरा अंश खाली राहिलात तर करायला काही उरलेलंच नसेल.

सावधान: प्रमाण मोलमध्ये असतं, वजनात नाही. ३५ : ३५ : ३० वजनाने मिसळलंत तर कोलेस्टेरॉल ३० ऐवजी सुमारे ४६ मोल टक्के होतं, कारण त्याचा रेणू हलका आहे: डीओपीसी ७८६, डीपीपीसी ७३४, कोलेस्टेरॉल ३८७. तुमचं मिश्रण भलत्याच ठिकाणी जाऊन पडतं आणि मग “भागच दिसत नाहीत” म्हणून मायक्रोस्कोपला दोष दिला जातो.

एकूण १ मायक्रोमोल लिपिडाचा हिशेब असा. डीओपीसी, डीपीपीसी आणि कोलेस्टेरॉल क्लोरोफॉर्ममध्ये १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर आहेत असं धरलं आहे:

- डीओपीसी ०.३५ मायक्रोमोल: २७.५ मायक्रोलिटर
- डीपीपीसी ०.३५ मायक्रोमोल: २५.७ मायक्रोलिटर
- कोलेस्टेरॉल ०.२९ मायक्रोमोल: ११.२ मायक्रोलिटर
- जीएम१ ०.०१ मायक्रोमोल: १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या द्रावणातून साधारण १५.५ मायक्रोलिटर
- रोडामिन (लाल चमकणारा रंग) जोडलेलं डीओपीई लिपिड ०.००२ मायक्रोमोल: ०.१ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या द्रावणातून २६ मायक्रोलिटर

क्लोरोफॉर्म घालून ५०० मायक्रोलिटर करा. झालं २ मिलिमोलरचं द्रावण. जीएम१ निव्वळ क्लोरोफॉर्ममध्ये नीट विरघळत नाही. क्लोरोफॉर्म आणि मेथॅनॉल २ : १ वापरा. रोडामिनचा रंग सैल भागात जातो, हे लक्षात ठेवा: लाल म्हणजे सैल, काळा डाग म्हणजे घट्ट. रंग ०.२ मोल टक्क्यांच्या वर नेऊ नका. फोटो उजळ येईल, पण त्या रंगाचाच उपद्रव सुरू होईल. तो कसा, ते टप्पा ५ मध्ये.

## टप्पा २ : बाटल्या उघडण्यापूर्वी

लिपिडाची बाटली उणे २० मधून काढली की झाकण लगेच उघडू नका. जुलैत मुंबईत किंवा रत्नागिरीत उघडून पाहा, आत दव धरताना दिसेल. अर्धा तास बाहेर ठेवा, बाहेरचा काचेचा भाग कोरडा झाला की उघडा, काम झालं की नायट्रोजन किंवा आर्गॉन सोडून बंद करा आणि पॅराफिल्म लावा.

क्लोरोफॉर्मसाठी काचेची सिरिंज, काचेची बाटली, टेफ्लॉनचं झाकण. प्लॅस्टिकच्या टिपने क्लोरोफॉर्म उचललात तर प्लॅस्टिकमधली द्रव्यं विरघळून तुमच्या पटलात येतात. काम फ्यूम हूडमध्येच. आणि निळे नायट्राइल हातमोजे क्लोरोफॉर्मपुढे फार वेळ टिकत नाहीत; थेंब पडला तर तो पुसू नका, हातमोजा बदला.

क्लोरोफॉर्म उडून जातं. महिनाभर वापरलेल्या बाटलीवर १० लिहिलं असलं तरी आत १३ असू शकतं. दर वेळी काम संपलं की बाटलीवर पातळीची रेघ मारा. पुढच्या वेळी पातळी रेघेखाली दिसली तर हिशेब कशाने चुकला ते कळेल.

साखरेची तपासणी: आतलं द्रावण २०० मिलिमोलर सुक्रोज, बाहेरचं २०० मिलिमोलर ग्लुकोज. ५० मिलिलिटरला सुक्रोज ३.४२ ग्रॅम, ग्लुकोज १.८० ग्रॅम. पण आपल्याकडे कपाटातली बाटली बहुधा डेक्स्ट्रोज मोनोहायड्रेटची असते. तिचे १.९८ ग्रॅम लागतात. लेबल वाचलं नाही तर बाहेरचं द्रावण नऊ टक्के पातळ होतं, व्हेसिकल फुगून ताणले जातात आणि निम्मे फुटतात. ऑस्मोमीटर असेल तर दोन्ही मोजा. बाहेरचं पाच-दहा मिलिऑस्मोलने जास्त चालेल, कमी नको.

## टप्पा ३ : थर आणि विजेवर व्हेसिकल उगवणं

आयटीओचा (पारदर्शक, वीज वाहणारा) लेप एका बाजूला लावलेल्या दोन काचा घ्या. वीज वाहणारी बाजू कोणती, ते डोळ्यांना दिसत नाही. मल्टिमीटरची दोन टोकं लावा, ज्या बाजूला काही दहा ते काहीशे ओहम दिसतील ती बाजू आत. हे हास्यास्पद वाटेल, पण “काहीच उगवलं नाही” या तक्रारींपैकी कितीतरी इथेच सुटतात.

काच ५० ते ६० अंशांच्या हॉटप्लेटवर ठेवा आणि सिरिंजच्या सुईने २० मायक्रोलिटर द्रावण पातळ पसरवा. काच कोमट का? गार काचेवर क्लोरोफॉर्म हळू उडतं, आणि सुकता सुकता कोलेस्टेरॉल आणि डीपीपीसी आपापले वेगळे खडे धरतात. मग एका व्हेसिकलमध्ये कोलेस्टेरॉल २० टक्के, शेजारच्यात ३५. थर इंद्रधनुषी, पातळ, एकसारखा दिसला पाहिजे. पांढरे ठिपके दिसले तर पुसून पुन्हा करा. नंतर व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये दोन तास. एक तासात भागतं असं म्हणणारे आहेत. मी दोन ठेवतो.

मध्ये दीड मिलिमीटरचा सिलिकॉनचा स्पेसर, आत ६० अंशांना गरम केलेलं सुक्रोज, आणि सगळं ६० अंशांच्या ओव्हनमध्ये. विजेचं माप: १० हर्ट्झ, साइन लाट, १ व्होल्ट आरएमएस, दोन तास. शेवटी २ हर्ट्झवर अर्धा तास, म्हणजे व्हेसिकल काचेपासून सुटतात.

तापमानात काटकसर नको. डीपीपीसीच्या ४१ अंशांच्या वर सगळा वेळ राहायलाच हवं. खाली उतरलात तर जे उगवेल त्यात डीपीपीसी कमी असेल, ते काचेवरच राहिलेलं असेल.

सावधान: फंक्शन जनरेटरच्या पडद्यावरचा आकडा बहुधा शिखर ते शिखर असतो, आणि तोही समोर ५० ओहमचा भार आहे असं गृहीत धरून. सुक्रोजने भरलेली आपली पेटी ५० ओहमची नसते, त्यामुळे प्रत्यक्षात दुप्पट व्होल्टेज पडतं. १ व्होल्ट आरएमएस म्हणजे शिखर ते शिखर २.८३. एकदा ऑसिलोस्कोप लावून पाहा आणि चिठ्ठी जनरेटरवरच चिकटवा. साधा मल्टिमीटर १० हर्ट्झला भरवशाचा नसतो.

आणि यूपीएस. दोन तासांच्या मध्ये वीज गेली तर ओव्हन गार होतो, आणि परत आल्यावर जे मिळतं ते कामाचं नसतं.

झाल्यावर ओव्हन बंद करून पेटी आतच हळूहळू निवू द्या. व्हेसिकल काढताना पिपेटच्या टिपचं टोक कात्रीने कापून रुंद करा. त्याच दिवशी वापरा.

तपासणी: फेज कॉन्ट्रास्टखाली पाहा. १० ते ५० मायक्रोमीटरचे गोल, कड पातळ आणि सगळीकडे सारखी, आत दुसरे गोल नाहीत. असे भरपूर असतील तरच पुढे जा. रंगात पाहताना ज्यांची कड शेजाऱ्यांपेक्षा दुप्पट-तिप्पट उजळ आहे ते अनेक पदरी आहेत, मोजणीतून वगळा.

## टप्पा ४ : बसायला जागा

कव्हरस्लिपच्या तळाची विहीर घ्या, २ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर कॅसिन (दुधातलं प्रथिन) किंवा बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) वीस मिनिटं ठेवा, ग्लुकोजने तीनदा धुवा. उघड्या काचेवर व्हेसिकल बसतात आणि पसरून फुटतात. मग त्यात १८० मायक्रोलिटर ग्लुकोज आणि २० मायक्रोलिटर व्हेसिकल. सुक्रोज जड असल्याने दहा-पंधरा मिनिटांत ते तळाशी बसतात. हलवू नका.

## टप्पा ५ : प्रथिन न घालता मिश्रण-तापमान शोधा

सगळा लेख या टप्प्यासाठी लिहिला आहे. लोक हाच गाळतात.

युरोपातल्या एखाद्या प्रोटोकॉलमध्ये “खोलीच्या तापमानाला पाहा” असं लिहिलेलं असतं. तिथली खोली २१-२२ अंशांची. मे महिन्यात पुण्यातली बिनएसीची खोली ३५. आपल्या मिश्रणाची हद्द ३० ला, म्हणजे तोच नमुना तिथे दुभंगलेला आणि इथे एकजीव. आमच्याकडे एका विद्यार्थिनीचे निकाल सोमवारी एक आणि गुरुवारी दुसरे येत होते. तीन आठवडे लिपिड बदलून झाली, काचा बदलून झाल्या. शेवटी कळलं की गुरुवारी शेजारचा गट त्याच खोलीत लेझर लावायचा आणि म्हणून एसी १८ वर ठेवायचा. वहीत दोन्ही दिवशी “आरटी”, म्हणजे रूम टेम्परेचर, असंच लिहिलेलं होतं. आमच्याकडे तेव्हापासून “आरटी” लिहायला बंदी आहे; आकडा लिहायचा.

तर तापमान नियंत्रित स्टेज लागतेच. तीही सांगेल त्यावर विश्वास ठेवू नका. शेजारच्या विहिरीत तेवढंच पाणी घाला आणि बारीक थर्मोकपल बुडवा. तेल लावून वापरायचा ऑब्जेक्टिव्ह (मायक्रोस्कोपचं नमुन्याजवळचं भिंग) म्हणजे नमुन्याला खालून टेकलेला पितळी गोळा. तो उष्णता ओढून घेतो आणि नेमकं तुम्ही पाहता तिथेच तापमान काही अंशांनी खाली येतं. ऑब्जेक्टिव्हला हीटर लावा, नाहीतर तेलाविना चालणारा लांब अंतराचा ऑब्जेक्टिव्ह घ्या.

आता क्रम:

१. ४५ अंशांवर न्या, दहा मिनिटं थांबा. सगळे व्हेसिकल एकसारखे लाल दिसले पाहिजेत. या तापमानालाही काळे डाग असतील तर मिश्रण चुकलं आहे, इथेच थांबा.

२. दोन-दोन अंशांनी खाली या, हद्दीजवळ एकेक अंशाने. प्रत्येक पायरीवर पाच मिनिटं थांबा.

३. प्रत्येक तापमानाला ५० ते १०० व्हेसिकल पाहा आणि किती दुभंगले ते मोजा. फक्त मधला काप पाहू नका. डाग वरच्या टोपीत असला तर मधल्या कापात दिसत नाही. व्हेसिकलच्या माथ्यावर फोकस न्या किंवा पूर्ण उंचीचे काप घ्या.

४. तापमान आडव्या अक्षावर, टक्के उभ्यावर. ज्या तापमानाला निम्मे दुभंगलेले, ते तुमचं मिश्रण-तापमान.

हद्द ओलांडताना एकदा तरी नुसतं बघत बसा. एकसारख्या लाल पृष्ठभागावर आधी काळी बारीक कणी उमटते, अगदी फोकस हलल्यासारखी वाटते. मग ठिपके गोल होतात, फिरतात, एकमेकांवर आदळतात आणि वरणावरच्या तुपाच्या थेंबांसारखे एकमेकांत मिसळून मोठे होतात. हीच तुमची दुसरी तपासणीही आहे: डाग गोल असेल आणि दोन डाग आदळून पुन्हा गोल होत असतील तर दोन्ही भाग द्रव आहेत. कोपरे, बोटं, चांदणीसारखे आकार दिसले तर ते जेल आहे, कोलेस्टेरॉल कमी पडलं आहे.

निम्मेपणाची ही रेघ सुरीसारखी सरळ उतरणार नाही. एकाच थरातून आलेल्या व्हेसिकलांतही प्रमाण थोडंथोडं वेगळं असतं, म्हणून वळण दोन-चार अंशांत पसरतं. म्हणूनच एका व्हेसिकलचा फोटो पुरावा होत नाही.

प्रकाशाचा उपद्रव. रंग लावलेलं पटल जोरदार प्रकाशात ठेवलं की रंगाजवळच्या असंतृप्त लिपिडांचं ऑक्सिडेशन होतं आणि पटल आपोआप दुभंगू लागतं. तुम्ही प्रथिन घालता, नीट दिसावं म्हणून दिवा वाढवता, दहा मिनिटं टक लावून बघता आणि डाग उमटतात. ते प्रथिनाने पाडले की दिव्याने? ओळखायची साधी युक्ती: शटर बंद करा, स्टेज सरकवून जिथे अजून प्रकाश पडलेला नाही अशा जागी जा आणि पहिल्याच फ्रेममध्ये मोजा. दुसरी युक्ती जास्त पक्की. तेच व्हेसिकल तीनदा गरम-गार करा. हद्द प्रत्येक फेरीत तिथेच राहिली तर ठीक. दर फेरीला वर सरकत असेल तर तुम्ही प्रथिनाचा नाही, दिव्याचा अभ्यास करत आहात. दिवा कमी करा, एक्स्पोजर तोकडं ठेवा.

## टप्पा ६ : प्रथिन किती, कसं, कधी

आधी हिशेब. थरात ४० नॅनोमोल लिपिड होतं, पेटीत १ मिलिलिटर, विहिरीत दहापट पातळ केलं. म्हणजे जास्तीत जास्त ४ मायक्रोमोलर लिपिड. त्यात जीएम१ एक टक्का, ४० नॅनोमोलर. निम्मं आतल्या पदरात, प्रथिनाला न सापडणारं. उरलं २०. एक कडं पाचांना धरतं, म्हणजे ४ नॅनोमोलर कडी पुरतात. कड्याचं वजन सुमारे ५८ किलोडाल्टन, तेव्हा हे झालं ०.२३ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर.

आता लोक काय घालतात ते बघा: १०, कधी ५०. जास्त घातलं की परिणाम जास्त, असा सरळ विचार. इथे तो उलटा पडू शकतो. कडी भरमसाट झाली की प्रत्येक जीएम१ साठी अनेक कडी रांगेत उभी असतात आणि एकेका कड्याच्या वाट्याला एक-दोनच जीएम१ येतात. पाचांची मूठ वळतच नाही. शिवाय पृष्ठभागावर गर्दी झाली की पटल वाकतं, आत नळ्या शिरतात, आणि मोजणीचा विचका होतो.

१ मिलिग्रॅमच्या मूळ द्रावणातून ग्लुकोजमध्ये शंभरपट पातळ करा, त्यातले ५ मायक्रोलिटर विहिरीच्या कडेने हळू सोडा. झालं साधारण ०.२५. नंतर ०.५ आणि १ करून पाहा. वीस मिनिटं थांबा.

सुरक्षेचं: बी-उपएकक एकटं विषारी नाही, विष ए-उपएककात असतं. तरी पूर्ण टॉक्सिनपासून वेगळं काढलेल्या मालात ए-उपएककाचा अंश राहू शकतो. रिकॉम्बिनंट माल घ्या आणि हातमोजे घालाच.

घालण्याचं तापमान हा कळीचा मुद्दा. टप्पा ५ च्या वक्रावर असं तापमान शोधा जिथे दहा टक्क्यांपेक्षा कमी व्हेसिकल दुभंगलेले आहेत, म्हणजे हद्दीच्या दोन-तीन अंश वर. तिथे स्थिर व्हा. आधी मोजा. मग प्रथिन घाला. मग त्याच तापमानाला पुन्हा मोजा. दहा टक्क्यांचे सत्तर झाले, तर आता म्हणता येईल की प्रथिनाने जागा घडवली.

तिथे थांबू नका. प्रथिनासकट पुन्हा ४५ वर जा आणि पूर्ण वक्र काढा. हद्द किती अंशांनी सरकली, तो आकडा हा खरा निकाल. टक्के एका तापमानापुरते खरे असतात. सरकलेले अंश दुसरा कुणीही आपल्या यंत्रावर तपासू शकतो.

## टप्पा ७ : जोडीचे नमुने

हे वेगळ्या दिवशी नाही, त्याच दिवशी, आणि जीएम१ नसलेला नमुना सोडला तर त्याच थरातून.

- जीएम१ आहे, प्रथिन नाही, फक्त प्रथिनाचा बफर तेवढाच. मूळ द्रावणात मीठ, अझाइड, कधी ग्लिसरॉल असतं.
- जीएम१ नाही, प्रथिन आहे. इथे हद्द हलता कामा नये. हे मिश्रण वेगळं असल्याने त्याची स्वतःची हद्द आधी काढावी लागेल; जीएम१ घातल्याने हद्द आधीच थोडी हललेली असू शकते.
- प्रथिन आहे, पण आधी जीएम१ च्या सुट्या साखरेच्या साखळीबरोबर भिजवून त्याची तोंडं भरलेली. पटलाला चिकटणं बंद झालं की परिणामही बंद झाला पाहिजे.
- तेवढंच बीएसए.
- सगळं आहे, पण शेवटच्या क्षणापर्यंत अंधारात.

मोजणाऱ्याला कोणती विहीर कोणती ते सांगू नका. आशेने बघणारा डोळा फोकसच्या डागालाही घट्ट भाग म्हणतो. हे मी स्वतःच्या मोजणीबद्दल सांगतोय. आणि शंभर व्हेसिकल म्हणजे शंभर प्रयोग नव्हेत. एक थर म्हणजे एक प्रयोग. निदान तीन वेगळे थर, शक्यतो वेगळ्या दिवशी मिसळलेल्या लिपिडांचे.

## टप्पा ८ : डोळ्याला फसवणाऱ्या दोन गोष्टी

पहिली, कंसासारखी चमक. कॉन्फोकलमधला लेझर ध्रुवीकृत असतो आणि पटलातले काही रंग एका दिशेने उभे किंवा आडवे बसतात. त्यामुळे मधल्या कापात समोरासमोरच्या दोन बाजू उजळ आणि उरलेल्या दोन मंद दिसतात. नवखा माणूस लगेच “दोन भाग” लिहितो. शेजारचे व्हेसिकल पाहा: सगळ्यांच्या उजळ बाजू एकाच दिशेला असतील तर ते लिपिड नाही, लेझर आहे. खरे भाग प्रत्येक व्हेसिकलमध्ये वाटेल त्या दिशेला असतात आणि फिरतात.

दुसरी, रंगांची गळती. प्रथिनाला हिरवा रंग लावला असेल तर तो लाल खिडकीत थोडा उतरतो. फक्त हिरवा असलेला आणि फक्त लाल असलेला असे दोन नमुने आधी पाहा, आणि दोन्ही लेझर एकदम न लावता पाळीपाळीने लावा.

लॉरडान (पटलाच्या दाटीनुसार चमक बदलणारा रंग) वापरणाऱ्यांसाठी: त्याची चमक घट्ट भागात ४४० नॅनोमीटरकडे आणि सैल भागात ४९० कडे सरकते. दोन तीव्रतांची वजाबाकी भागिले बेरीज, हा जीपीचा आकडा. तो भाग पडले की नाही ते सांगत नाही, दाटी किती ते सांगतो. प्रथिन आल्यावर जीपी वाढला पण डाग दिसले नाहीत, असंही होतं. तेव्हा “विभागणी” लिहू नका, “दाटी वाढली” लिहा.

## टप्पा ९ : दुसरं प्रथिन घेणार असाल तर

प्रत्येक प्रथिन मूठ वळत नाही. मार्क्स नावाच्या प्रथिनाच्या एका छोट्या पट्ट्यात १३ धनभारित अमिनो आम्लं आहेत. ते पीआयपी२ हे ऋणभारित लिपिड विजेच्या ओढीने गोळा करतं. इथे बाहेरचं द्रावण साखरेचं ठेवून चालणार नाही, मीठ शरीराच्या प्रमाणातच हवं, नाहीतर ओढ अवास्तव जोरदार दिसते. अ‍ॅनेक्सिन ए५ या प्रथिनाला कॅल्शियम आणि फॉस्फॅटिडिलसेरीन हे लिपिड, दोन्ही लागतात. पटलातून आरपार जाणारं प्रथिन असेल तर त्याच्या तेलकट पट्ट्याची लांबी आणि पटलाची जाडी जुळते का, हा प्रश्न येतो. न जुळल्यास आजूबाजूची लिपिडं ताणली किंवा दबली जातात. ते घालायला डिटर्जंट लागतं, आणि उरलेलं डिटर्जंट एकट्याने हद्द हलवतं. म्हणून प्रथिनाशिवाय पण डिटर्जंटच्या सगळ्या पायऱ्यांतून गेलेलं पटल हाच तिथला खरा जोडीदार नमुना.

निकाल उलटाही येऊ शकतो, आणि तो टाकून देऊ नका. घट्ट भागावर मोठी प्रथिनं खचाखच बांधली की त्यांची एकमेकांतली ढकलाढकल इतकी होते की भागच विरघळतो आणि पटल एकजीव होतं. हद्द खाली सरकते. असा निकाल “प्रयोग फसला” म्हणून वहीतच राहिलेला मी पाहिला आहे.

## टप्पा १० : खऱ्या पेशीकडे जाताना

तीन लिपिडांच्या पटलावर सरकलेले पाच अंश म्हणजे पेशीत काय घडतं ते नव्हे. मधला टप्पा म्हणजे पेशीच्या पटलातूनच फुगवून सोडवलेले मोठे व्हेसिकल. त्यात पेशीची लिपिडं आणि प्रथिनं दोन्ही असतात, आणि थंड केल्यावर तेही दुभंगतात. ते करायच्या दोन रीती: २५ मिलिमोलर पॅराफॉर्माल्डिहाइड आणि २ मिलिमोलर डीटीटी, किंवा २ मिलिमोलर एनईएम. पहिलीत डीटीटी प्रथिनांना जोडलेल्या पामिटिक आम्लाच्या शेपट्या तोडू शकतो, आणि ज्या प्रथिनाची घट्ट भागातली जागा त्या शेपटीवरच अवलंबून आहे, ते सैल भागात जाऊन बसतं. शिवाय दोन्ही रीतींनी येणारी हद्दही सारखी नसते. म्हणून एका रीतीच्या हद्दीची दुसरीच्या हद्दीशी तुलना करू नका; प्रथिन असलेला आणि नसलेला, दोन्ही नमुने एकाच रसायनाने, एकाच दिवशी, आणि तापमान थर्मोकपलने मोजून.

ट्रायटन एक्स-१०० या डिटर्जंटमध्ये ४ अंशांना जे विरघळलं नाही ते जिवंत पेशीत ३७ अंशांना घट्ट भागात होतं, असं मात्र लिहू नका. ४ अंशांना आणि डिटर्जंट घालून तुम्ही हद्द स्वतःच ओलांडलेली असते.